डिस्चार्ज बुकात लढाईचं मेडल नाही? रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज क्रमाने असा करा

"मी एकाहत्तरच्या लढाईत होतो. मला मेडल मिळालेलं नाही. तरी कृपया मेडल देण्यात यावं." सातारा-सांगलीपासून विदर्भापर्यंत माजी सैनिकांचे बहुतेक अर्ज याच तीन ओळींचे असतात आणि त्यांना उत्तरही ठरलेलं येतं: उपलब्ध रेकॉर्डनुसार आपण पात्र आढळत नाही. खरं तर माणूस पात्र असतो. पण रेकॉर्ड ऑफिसमधल्या क्लार्कपुढे माणूस नसतो, त्याचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींचा कागद असतो. शीट रोलवर नोंद नसेल तर तो दुसरं काही लिहूच शकत नाही. वर असं नकाराचं पत्र एकदा फाइलला लागलं की पुढच्या प्रत्येक अर्जाला तेच पत्र आडवं येतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःचं रेकॉर्ड मागवायचं, मग त्यातली राहिलेली नोंद शोधायची, मग ती दुरुस्त करून मागायची. मेडल सगळ्यात शेवटी.

हा लेख भूदलातले जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि त्यांच्या पश्चात अर्ज करणाऱ्या वीरपत्नी व वारसांसाठी आहे. नौदलाच्या नाविकांचं रेकॉर्ड मुंबईच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीतल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे, तर भूदलाच्या अधिकाऱ्यांचं सेना मुख्यालयात असतं. पत्ते वेगळे असले तरी कामाचा क्रम हाच.

## टप्पा १: तुमची मागणी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

मेडलं तीन प्रकारची असतात आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिला प्रकार शौर्याचा: परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत. ही मेडलं त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरने पाठवलेल्या शिफारशीवर मिळतात. "मी शौर्य केलं होतं, आता मेडल द्या" असा अर्ज रेकॉर्ड ऑफिस मंजूर करू शकत नाही, तो अधिकार त्यांचा नाहीच. मात्र पुरस्कार जाहीर झाला, भारताच्या राजपत्रात छापून आला आणि डिस्चार्ज बुकात (सैन्यातून सुटताना मिळालेल्या नोंदपुस्तकात) चढायचा राहिला, तर ती निव्वळ नोंदीची चूक आहे. राजपत्राची प्रत जोडली की काम होतं.

दुसरा प्रकार लढाईचा आणि तैनातीचा. अमुक तारखांना अमुक भागात पलटणीबरोबर होता, म्हणून मिळणारं मेडल. इथे शिफारस लागत नाही, अट पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. या लेखाचा मुख्य विषय हाच आहे.

तिसरा प्रकार नोकरीच्या वर्षांचा आणि वर्धापनदिनांचा: ९ वर्षांचं, २० वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल; १५ ऑगस्ट १९७२, १९९७ किंवा २०२२ रोजी नोकरीत असणाऱ्यांना मिळालेली स्वातंत्र्याच्या २५व्या, ५०व्या, ७५व्या वर्षाची मेडलं. ही सर्वांत सोपी. भरतीची आणि डिस्चार्जची तारीखच पुरावा ठरते.

सावधान: तिन्ही प्रकार एका अर्जात घालू नका. शौर्याच्या मागणीसाठी अर्ज दुसऱ्या शाखेकडे फिरतो आणि त्याच्याबरोबर महिन्याभरात सुटणारी साधी नोंदही अडकून पडते.

पैशांविषयी गैरसमज खूप आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. दरमहा भत्ता शौर्याच्या मेडलांना आहे. संग्राम मेडल, समर सेवा स्टार, ऑपरेशन विजय मेडल यांना भत्ता नाही. कोणी एजंट "मेडल चढवून देतो, पेन्शन वाढेल" असं सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

## टप्पा २: घरातली कागदपत्रं बाहेर काढा आणि तारखांचा तक्ता करा

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, जुनी मूव्हमेंट ऑर्डर, रजेचे पास, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, त्या काळातली पाकिटासकट पत्रं. पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख कधी कधी चांगला जोडपुरावा ठरतो, म्हणून पाकीट टाकू नका.

आता एका कागदावर तक्ता आखा. प्रत्येक पोस्टिंगसाठी एक ओळ: कधीपासून कधीपर्यंत, कोणती पलटण, कोणती कंपनी, कुठे, कमांडिंग ऑफिसर कोण. तारीख आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका. "नोव्हेंबर १९७१ चा शेवटचा आठवडा" असं लिहिलेलं चालतं. चुकीची नेमकी तारीख मात्र घात करते, कारण ती शीट रोलशी जुळली नाही की तुमच्या बाकीच्या विधानांवरही संशय येतो.

दोन गोष्टी इथेच तपासून घ्या.

नंबर. नायब सुभेदार झाल्यावर जेसी नंबर मिळतो. पण शिपाई किंवा हवालदार असताना मिळालेली मेडलं जुन्या आर्मी नंबरावर चढलेली असतात. अर्जात दोन्ही नंबर लिहा. जेसीओंच्या अर्जात हीच चूक सर्रास दिसते.

नाव. भरतीच्या वेळी "पाटील तानाजी बाबू" असं लिहिलं गेलं आणि आधारवर "तानाजी बाबूराव पाटील" आहे, असं महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. अर्ज नेहमी रेकॉर्डमधल्या नावानेच करा आणि कंसात आधारवरचं नाव द्या. नावात खरा फरक असेल, म्हणजे आडनावच वेगळं असेल, तर आधी नावाची दुरुस्ती करून घ्या. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. चुकीच्या नावाचं मेडल आलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

२०१९च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कितीतरी घरांतली डिस्चार्ज बुकं भिजून गेली. तुमचं गेलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आधी दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. मेडलचा अर्ज त्यानंतर.

## टप्पा ३: योग्य रेकॉर्ड ऑफिस गाठा

अर्ज पलटणीला, सेनाध्यक्षांना किंवा संरक्षण मंत्र्यांना पाठवायचा नाही. तो शेवटी फिरून रेकॉर्ड ऑफिसलाच येतो, फक्त काही महिने वाया जातात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला आहे.

राष्ट्रीय रायफल्समध्ये किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काढलेल्या काळासाठी वेगळं रेकॉर्ड ऑफिस शोधत बसू नका. माणूस तिकडे गेला तरी त्याचं रेकॉर्ड मूळ रेजिमेंटकडेच राहतं. आणि नोंदी निसटण्याची शक्यता नेमकी याच काळात जास्त असते: ऑर्डर काढणारं युनिट एक, शीट रोल सांभाळणारं ऑफिस दुसरं. तुम्ही अटॅचमेंटवर (दुसऱ्या युनिटला तात्पुरते जोडलेले) किंवा राष्ट्रीय रायफल्समध्ये असाल तर तक्त्यातल्या त्या ओळीवर खूण करून ठेवा.

## टप्पा ४: आधी फक्त रेकॉर्ड मागा

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. रेकॉर्डमध्ये काय आहे ते पाहिल्याशिवाय दुरुस्ती मागणं म्हणजे अंधारात दोरा ओवणं.

पहिला अर्ज साधा असू द्या: माझ्या शीट रोलची आणि मेडलसंबंधी पार्ट टू ऑर्डरची (नोकरीतल्या नोंदींसाठी निघणाऱ्या लेखी आदेशाची) प्रत मिळावी. सोबत डिस्चार्ज बुक आणि ओळखपत्राची झेरॉक्स. महिना-दीड महिन्यात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन करता येतो किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे पोस्टाने पाठवता येतो. फी १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

प्रश्न असे विचारा:

१. माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत.
२. लाँग रोलमधल्या (रेकॉर्ड ऑफिसच्या कायमच्या नोंदवहीतल्या) माझ्या नोंदीची प्रत.
३. माझ्या नावे मेडल किंवा क्लॅस्पसाठी (मेडलच्या फितीवरच्या पट्टीसाठी) निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक, तारखा आणि प्रती.
४. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी ज्या युनिटांत होतो त्यांची नावं आणि रुजू झाल्याच्या तारखा.
५. माझ्या नावे कोणतं मेडल पाठवलं असल्यास ते केव्हा, कोणत्या पत्त्यावर पाठवलं आणि परत आलं का.

पाचवा प्रश्न सोडू नका. मेडल मंजूर झालं, तोवर जवान पेन्शनवर आला आणि मेडल त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, असंही घडतं. तशी नोंद निघाली तर दुरुस्तीची गरजच उरत नाही, फक्त मेडल मागायचं.

सावधान: माहिती अधिकारात "मला मेडल का दिलं नाही?" असं विचारू नका. हा कायदा कागद देण्यासाठी आहे, तक्रार सोडवण्यासाठी नाही. अशा प्रश्नाला "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर मिळतं. आणि सोबतच्या जवानाचा शीट रोल मागू नका, ती त्याची वैयक्तिक माहिती आहे. पलटणीच्या हालचालींचा तपशील मागितला तर सुरक्षेच्या कलमाखाली नकार येऊ शकतो. म्हणून प्रश्न स्वतःच्या पोस्टिंगपुरता ठेवा.

## टप्पा ५: राहिलेली नोंद नेमकी कोणती, ते शोधा

आता तुमचा तक्ता आणि शीट रोल शेजारी ठेवा. फरक तीनपैकी एका ठिकाणी सापडतो.

एक, पोस्टिंगची नोंद आहे पण मेडलची पार्ट टू ऑर्डर निघालेली नाही. ही सर्वांत चांगली स्थिती, कारण पात्रतेचा पुरावा त्यांच्याच कागदावर आहे. दोन, पार्ट टू ऑर्डर निघाली पण डिस्चार्ज बुकात चढली नाही. तीन, पोस्टिंगचीच नोंद नाही. तेव्हा बाहेरून पुरावा आणावा लागतो आणि कस इथेच लागतो.

मग मेडलचं नाव बरोबर धरा. इथे फार गोंधळ होतो.

१९६५: समर सेवा स्टार ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात लढाईच्या क्षेत्रात असणाऱ्यांसाठी. रक्षा मेडल त्याहून व्यापक.

१९७१: पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार डिसेंबर १९७१च्या प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रासाठी. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२. लढाईनंतर सीमेवर गेलेला जवान संग्राम मेडलला पात्र असू शकतो, स्टारला नाही. अर्जात स्टार मागितला आणि पात्रता मेडलची निघाली तर क्लार्क स्वतःहून दुसरं मेडल सुचवेल असं धरून चालू नका.

१९९९: ऑपरेशन विजय स्टार कारगिलच्या रणक्षेत्रासाठी, ऑपरेशन विजय मेडल त्या काळातल्या व्यापक तैनातीसाठी.

ऑपरेशन पराक्रम मेडल २००१-०२ मध्ये सीमेवर झालेल्या तैनातीचं. पराक्रम पदक वेगळं: ते शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. एकाच्या जागी दुसरं लिहिलं की अर्ज हमखास परत.

जखमेबद्दल आणखी एक. बर्फात घसरून मोडलेला पाय पेन्शनच्या हिशेबात बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली दुखापत) ठरू शकतो, पण पराक्रम पदकासाठी शत्रूच्या कारवाईतली जखमच लागते. तुम्हाला वॉर इंज्युरी पेन्शनही मिळायला हवी असं वाटत असेल तर ती मागणी स्वतंत्र करा.

काही मेडलांवर भागानुसार क्लॅस्प चढते. सैन्य सेवा मेडल तुमच्याकडे आधीच असेल आणि दुसऱ्या भागातली नोकरीही पात्र असेल, तर दुसरं मेडल मिळत नाही, क्लॅस्प मिळते. तेच मागा. हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडलसाठी ९,००० फुटांवरच्या १८० दिवसांचा हिशेब लागतो, तेव्हा रजेचे दिवस तपासूनच बेरीज करा.

तपासा: एका वाक्यात तुमची मागणी सांगता येते का? "मी अमुक तारखेला अमुक युनिटमध्ये अमुक भागात होतो, शीट रोलवर ती पोस्टिंग आहे, पण अमुक मेडलची पार्ट टू ऑर्डर निघालेली नाही." एवढं जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: पुरावे वजनाप्रमाणे लावा

वर सरकारी कागद, खाली आठवणी. शीट रोल, पार्ट टू ऑर्डर, मूव्हमेंट ऑर्डर, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद, मेडिकल बोर्डाची कार्यवाही हे पहिल्या फळीचे. जखमेच्या दाव्यात ज्या हॉस्पिटलात पहिल्यांदा भरती केलं त्याचा कागद सर्वांत मोलाचा. तिथे "गोळी लागून" किंवा "स्प्लिंटर" असं लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं.

दुसऱ्या फळीत त्या वेळच्या कंपनी कमांडरचं किंवा कमांडिंग ऑफिसरचं पत्र आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्र कोणाचंही चालत नाही. देणारा त्याच काळात त्याच युनिटमध्ये होता हे त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकावरून दिसलं पाहिजे, म्हणून त्याने ती झेरॉक्स सोबत जोडावी. आणि मजकूर प्रत्येकाचा स्वतःचा हवा. पाच जणांची एकाच मजकुराची प्रतिज्ञापत्रं एका चांगल्या प्रतिज्ञापत्राच्या तोडीची नसतात. सरपंचाचा दाखला, गावकऱ्यांच्या सह्या, वर्तमानपत्रातलं कात्रण यांनी लढाईतली हजेरी सिद्ध होत नाही. ती घालून फाइल जाड करू नका.

बाजारातून विकत घेऊन छातीवर लावलेलं मेडल आणि त्याचा फोटो हाही पुरावा नाही.

## टप्पा ७: अर्ज लिहा

एक पान पुरे. इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलेला बरा, कारण रेकॉर्ड ऑफिसमधला क्लार्क मराठी वाचणारा असेलच असं नाही. आराखडा मराठीत देतो:

*प्रति, ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स (रेजिमेंटचं नाव, ठिकाण)*

*विषय: सेवा रेकॉर्डमध्ये (मेडलचं पूर्ण नाव) ची नोंद करणेबाबत*

*१. माझा आर्मी नंबर, जेसी नंबर, हुद्दा, रेकॉर्डमधील नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख.*
*२. मी (तारीख) ते (तारीख) या काळात (युनिट) मध्ये (भाग) येथे होतो. पाहा: जोडपत्र अ, शीट रोल, पान क्रमांक.*
*३. या काळासाठी (मेडल) ची पार्ट टू ऑर्डर निघालेली नाही / निघाली असून डिस्चार्ज बुकात चढलेली नाही.*
*४. विनंती: (क) पार्ट टू ऑर्डर काढावी, (ख) डिस्चार्ज बुकात नोंद करावी, (ग) मेडल द्यावं.*
*५. मी पात्र नाही असं आपलं मत झाल्यास कोणती अट अपुरी आहे ते कारणासह लेखी कळवावं.*

पाचवं कलम फार कामाचं आहे. कारण दिलेल्या नकाराला उत्तर देता येतं, नुसत्या "पात्र नाही"ला देता येत नाही.

नोकरीची कहाणी, घरची परिस्थिती, सरकारवरचा राग अर्जात घालू नका. ते सगळं खरं असेल, पण क्लार्कला नोंद चढवायला त्याचा उपयोग नाही. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या अर्जाबरोबर पाठवू नका. त्यांनी लेखी मागितलं तर सर्व पानांची प्रत ठेवून स्पीड पोस्टाने पाठवा.

जवान हयात नसेल तर पत्नीने अर्ज करावा. तिचं नाव रेकॉर्डमध्ये आणि पीपीओत असल्याची प्रत आणि मृत्यू दाखला जोडावा. पत्नीही नसेल तर मुलांनी वारसाचा पुरावा द्यावा.

## टप्पा ८: पाठवा आणि मागे लागा

एक प्रत थेट रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने, दुसरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. पावती आणि पोचल्याचा पुरावा अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा. स्मरणपत्रात नवी मागणी घालू नका, फक्त पहिल्या अर्जाची तारीख आणि स्पीड पोस्टाचा क्रमांक द्या.

## टप्पा ९: नकार आला तर

"रेकॉर्ड नष्ट झालं आहे": पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांची कागदपत्रं २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट केली जातात. लाँग रोल मात्र कायम राहतो. त्याची प्रत मागा आणि घरातला डिस्चार्ज बुक मुख्य पुरावा म्हणून पुढे करा.

"मेडल दिलेलं आहे": पाठवल्याची तारीख, पत्ता आणि घेणाऱ्याची सही मागा.

"पात्र नाही": कोणती अट, ते विचारा. तारखेचा प्रश्न असेल तर शीट रोलच्या पानाकडे बोट दाखवा.

यानंतरही दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर म्हणजे सीपीग्राम्सवर तक्रार करा. त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २००७च्या कायद्यानुसार आधीचे मार्ग वापरून झाल्यावरच तिथे जाता येतं. अंतिम नकाराचा आदेश निघाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा. निवेदन देऊन ६ महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या ६ महिन्यांत. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ती हक्काने मिळत नाही. म्हणून नकाराचं पत्र हातात आलं त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

## टप्पा १०: नोंद चढल्यावर

पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, डिस्चार्ज बुकातली सही-शिक्क्याची नोंद आणि मेडलच्या कडेवरचा नंबर, हुद्दा, नाव, हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहा. अक्षर चुकलं असेल तर लगेच कळवा, वर्षभर ठेवून मग नको. मेडल पुढे हरवलं तर पोलिसांतली नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडून पैसे भरून दुसरं मागता येतं, पण त्यासाठी रेकॉर्डमध्ये नोंद असावीच लागते. दिवंगत जवानाची मेडलं वारसाने समारंभात लावायची असतील तर ती उजव्या छातीवर लावतात.